हँडलवर दोघं

हँडलवर दोन यंत्रं लावून आले
तर राजवाड्यापाशी गट हसला.
"दोन घरचा पाहुणा उपाशी, कुमुदताई,
दोन यंत्रांची बाई रस्ता चुकणार!"

हसा.
बत्तीस वर्षं नापतौल खात्यात काढलीत मी.
सियागंजातल्या वजनांच्या पोटातलं
खरवडलेलं शिसं नुसत्या हाताने ओळखलंय,
पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप धरून
फेस बसेपर्यंत उन्हात उभी राहिलेय.
एका साक्षीदारावर निकाल देण्याची
मला सवय नाही.

डावीकडचं काळं, बुटकं, बटणांचं.
पुतण्याने वापरून टाकलेलं, एक कोपरा उडालेला.
उजवीकडचं रंगीत, बोटाने सरकवायचं,
सहा हप्त्यांतले दोन अजून बाकी.

पहाटे पाच वाजता
काळ्याला उपग्रह सापडले बुटाची नाडी बांधेपर्यंत.
रंगीत मात्र शोधत राहिलं,
लग्नाच्या घरी आलेल्या आणि
पत्रिका विसरलेल्या पाहुण्यासारखं.
घरी येऊन नकाशा पाहिला,
बजाजखान्यात त्याने मला
तीन दुकानांच्या भिंतींतून नेलं होतं,
बंद शटरांच्या आतून,
साड्यांच्या गठ्ठ्यांवरून, ताशी एकोणीसने.
(एवढ्या स्वस्तात तिथून मी कधी बाहेर पडले नव्हते.)

महूपर्यंत रंगीत छान दिसतं, खोटं का बोलू.
निळी रेघ, हिरवी शेतं, पुढच्या वळणाचा बाण.
ऊन चढलं की त्यात
माझंच तोंड दिसतं, हेल्मेटसकट.
काळ्याचे आकडे जाडजूड, किराणा दुकानातल्या पाटीसारखे,
चष्म्याशिवाय वाचता येतात.
अठ्ठावन्नाव्या वर्षी
मला तेवढं पुरतं.

जानापावच्या चढावर
हनुवटीवरून घामाचा एक थेंब पडला
आणि रंगीताने विचारलं : राइड संपवायची?
मी नाही म्हणेपर्यंत दुसरा थेंब पडला,
त्याने हो म्हटलं.
माझ्या घामाला माझ्या वतीने
सही करायचा अधिकार कुणी दिला?
पुन्हा सुरू केलं. पुढचा अर्धा घाट
त्याच्या लेखी वेगळाच प्रवास.

मुळ्ये मागे राहिले होते.
वय एकाहत्तर, सायकलवर घंटीखेरीज काही नाही,
अंतर सांगतात ते असं :
"दोन चहा, एक केळं, आणि थोडी कटकट."
तिसऱ्या वळणावर मी पाय टेकले.
पळसाखाली सावली होती, म्हणावी एवढी नव्हती.

तिथे दोघांनी
सकाळपासून पहिल्यांदा सारखं सांगितलं :
शून्य.

तराजू तपासताना आम्ही आधी
रिकामी पारडीच पाहायचो.
शून्य चुकलं तर पुढचं काही बघू नये,
साठेसाहेब म्हणायचे, आणि पान थुंकायला बाहेर जायचे.

अठरा मिनिटांनी घंटी ऐकू आली,
मग टोपी दिसली, मग मुळ्ये, सायकल ढकलत.
"थांबलीस होय?" एवढंच म्हणाले.
ती अठरा मिनिटं नंतर मी दोन्हींत शोधली.
चालता वेळ, सरासरी, चढ, खर्च झालेल्या कॅलरी,
कशातच नव्हती.
थांबलेलं वजा करतात ही यंत्रं,
न विचारता, दोन्ही.

संध्याकाळी वहीत लिहिलं :
डावं ९१.८. उजवं, दोन तुकडे जोडून, ९१.१.
बॅटरी डावी एकसष्ट टक्के,
उजवी राऊला परतताना वारली.
रोजच्याला डावं. अनोळखी गावाला उजवं,
सोबत चार्जर आणि हातरुमाल.
फरक मान्य मर्यादेत.
आणि खाली, रकाना नसलेल्या जागी,
मुळ्ये : अठरा मिनिटं.

सवयीने शिक्क्यासाठी जर्सीच्या खिशात हात घातला.
केळ्याचं साल निघालं,
त्यांनीच दिलेल्या.