लो

भिजवलेले मसूर, चार कांदे,
महिनाअखेरचा साडेतीन दिरहमचा भोपळा,
गोडा मसाला, पुडीचा तळ खरवडून.
आमसुलं आत्ता नाही.
आंबट पडलं की मसूर हटून बसतात.
झाकण. बटण ‘लो’वर.
पावणेसहाची बस.

भांडं मारिसेलचं. मनिलाला कायमची परत जाताना
वीस दिरहमला देऊन गेली, एक कान तुटका,
म्हणाली, सारखं उघडून बघू नकोस.

दिवसभर मी जेबेल अलीत दुसऱ्यांचे कंटेनर मोजते.
मुकुल अजमानला, अन्विता शाळेत.
शारजाच्या त्या दोन खोल्यांत कुणी नाही,
तरी काहीतरी शिजतंय,
हे दुपारी दोनला आठवतं
आणि उगाच बरं वाटतं.

काल लिफ्टमध्ये रत्नागिरीचे परकारचाचा म्हणाले,
“दिवसा कोण असतं हो तुमच्याकडे? वास येतो.”
“सासूबाई,” मी म्हटलं.
का म्हटलं कोण जाणे.
फोडणीशिवायची आमटी बघून
त्या गावाहूनच ओरडल्या असत्या.

रात्री साडेआठ. झाकणाला आतून घाम.
अन्विता पोळी बुडवते, “परत तेच?”
आणि तिसऱ्यांदा वाढून घेते.

भांडं घासायला घेतल्यावर ओट्यावर दिसतात
वाटीत तशीच
पाच आमसुलं.