नाव लावायला नर लागतो

सांतियागोत वीज गेली तेव्हा
मी सातव्या बाटलीतली मादी पाहत होते.
बाटली खोकल्याच्या औषधाची. एलिएसेरनं आणलेली,
त्याच्या कॉफीच्या मळ्यामागच्या गुहेतून,
शर्टाच्या खिशात घालून, दोन बस बदलून.

तांदळाची कणी, त्याहून थोडी लांब.
डोळे नाहीत. पाय आठ, पण चालायची सहांवर;
पुढचे दोन जमिनीला टेकवायचीच नाही,
त्यांनी काळोख चाचपायची,
बाजारात कापड चाचपतात तशी.

आखूडशेपट्या चाबूकविंचू. नांगी नाही, विष नाही.
रोलँडियस, इथवर मी खात्रीनं सांगते.
पुढचं नाव नराच्या शेपटीवरून ठरतं:
कुणाची भाल्याच्या पात्यासारखी, कुणाची रताळ्यासारखी फुगीर,
एकाच्या शेपटीवर दोन खळगे, ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे.
ती शेपटी मादी जबड्यात धरते, तो पुढे, ती मागे,
असं त्यांचं लग्न लागतं.
मादीची शेपटी म्हणजे बारीक दोरा.
साऱ्याजणींची जवळजवळ सारखीच.

म्हणजे नाव लावायला नर लागतो.
माझ्या आईनं लग्नानंतर कुणाचं लावलं नव्हतं, मीही नाही;
इथे कुणी लावत नाही.
फक्त या कपाटात लावतात.

"एक तरी नर आण," मी एलिएसेरला सांगितलं होतं.
तो तीनदा आत गेला, गुडघे सोलून घेत.
सात बाटल्या. सातही माद्या.
"तिथे पुरुष नाहीतच, इदाल्मिस," तो म्हणाला,
"आमच्या गावासारखंच. सगळे मायामीला गेले."
हसला. मग सहज बोलल्यासारखं,
सिमेंटवाल्यांनी टेकडीवर लाल खुणा केल्यात म्हणाला.

असतंही तसं. काही जातींत आई आणि लेकी, बस.
नर कुणी पाहिलेलाच नाही.
मग वाट कुणाची पाहायची?

साडेचारला वीज आली, फ्रिज खाकरला.
भिंगाखाली तिच्या पोटाशी चिकटलेली अंडी दिसली.
अंडी असली की ती खात नाही,
मातीची कोठडी लिंपून आत बसून राहते.
एलिएसेरनं ती फोडली असणार. बोलला नाही.

स्पिरिटमध्ये शाई विरघळते, म्हणून पेन्सिल.
गुहा. उंची. तारीख. आणणाऱ्याचं नाव.
जातीच्या जागी नुसती रेघ मारायचा नियम आहे.
मी रेघ मारली,
पेन्सिलीला टोक केलं,
आणि रेघेखाली, जागा नव्हती तिथे,
लिहिलं: अंडी अकरा.