एक ते पाच

फिचेच्या पुढे, सलालेच्या पठारावर,
वर्कितूच्या गोठ्याशी मी टॅबलेट उघडला.
आभाळ सकाळपासून भरलेलं.
पहिला प्रश्न : जनावरांचा दवाखाना किती लांब?
"कोणाच्या पायांनी?" ती म्हणाली,
"माझ्या, की गाभण गाईच्या?"
किलोमीटरमध्ये हवं, मी म्हटलं.
"मग नऊ लिही. ओढा कोरडा असेल तर."

गुराती रवंथ करत होती, काळीभोर,
कपाळावर कुणीतरी पीठ सांडल्यासारखा ठिपका.

प्रश्न सातवा, कृत्रिम रेतन.
"पहाटेपासून हंबरत होती. नवरा धावत गेला.
रेतनवाला उगवला दुसऱ्या दिवशी, दुपार टळल्यावर.
एकदा पेट्रोल नव्हतं, एकदा नायट्रोजन,
एकदा त्याच्याच घरी कोणी आजारी.
माज म्हणजे काय बस आहे,
हात केला की थांबायला?
एकवीस दिवस. पुन्हा एकवीस. पुन्हा.
वैरण मात्र रोज लागते."

म्हणजे एक? मी बोट टेकवणार, इतक्यात
"पाच लिही."

पाच?

"एक दिला तर त्याची बदली करतील.
मग तुझे उरलेले चार
मी कोणाला देऊ?"

कारण लिहायला जागा नव्हती.
मी पाच दाबला.

"औषधाच्या दुकानाला दोन," ती आपणहून म्हणाली.
"कधीही जा, उघडंच. बाटली देतो,
गाय कुठली ते विचारत नाही.
त्याला खुशाल दोन दे,
दुकान उचलून तो जाणार कुठे?"

लस आली होती. मरियमच्या सणाला आली,
सगळं गाव देवळात. शिक्का मारून गेली.
याला तिने आकडाच दिला नाही. मला कॉफी दिली.

शेवटी 'पाठवा' दाबलं.
चक्र फिरत राहिलं.
वर्कितूने लोण्याचा हात न पुसताच
वर टेकाडाकडे दाखवलं :
"त्या झाडाखाली दगड आहे.
लागला तर तिथेच लागतो फोन."

चढलो. धाप लागली.
दगड बसून बसून गुळगुळीत झालेला,
पायाशी काड्यापेटीतल्या जळक्या काड्या, चिखलात एक चप्पल,
लहान मापाची.
खाली ती गुरातीच्या थानांना लोणी लावत होती.
'पाठवलं' असं आलं.

ऊन नव्हतं दिवसभर,
तरी दगड कोमट होता.