तेवीस चिठ्ठ्या

वार्षिक बैठक यंदा मुहू बेटावर.
पहाटे पाचला व्होरूहून बस, विर्त्सूच्या धक्क्यावरून बोट,
पुढे जुन्या शाळेचं केलेलं अतिथिगृह:
वर्गांतून खाटा,
फळ्यावर अजून कुणाचा तरी तीनाचा पाढा.

खाटा बावीस. माणसं तेवीस.
तरी गणित दरवर्षी जुळतं,
कारण एकाला मागे राहावंच लागतं.
भट्टी क्रमांक तीनमध्ये ओक वाळत असतो,
दर चार तासांनी ओलावा मोजायचा,
नाहीतर खिडकीच्या चौकटी पुढच्या हिवाळ्यात तडकतील
आणि गिऱ्हाइकाच्या घरात वारा सोडतील.

तोवर माझी बाकीची कामं.
आगुर आणि प्रीडू एका खोलीत नकोत,
फोर्कलिफ्टचं ते प्रकरण; सात वर्षं झाली,
काय झालं होतं ते दोघांनाही नीट आठवत नाही,
अबोला मात्र पाठ आहे.
नार्वाची वालेंतिना घोरते, तिला कोपऱ्यातला वर्ग.
नवा पोरगा काउर मांस खात नाही, अंडंही नाही,
मधाचं विचारायचं राहिलं.
सौना आधी बायकांना.
टार्मो साहेबांचं भाषण, 'पुढची पाच वर्षं',
नमनालाच घडाभर तेल,
म्हणून जेवण भाषणाच्या मधोमध ठेवलंय.
सूप निवतंय म्हटलं की ते थांबतात.

आणि टोपी.
हेल्दुरची, लोकरी, कानांवर लोंबणारी.
चिठ्ठ्या तोच लिहितो, घड्या तोच घालतो,
सगळ्यांत लहान असेल त्यानं डोळे मिटून एक काढायची.
गेल्या वर्षी सलग चौथ्यांदा हेल्दुर निघाला.
सगळे हळहळले. पाठीवर थापा पडल्या.
'नशीबच फुटकं रे तुझं,' आगुर म्हणाला,
आणि पोहायची चड्डी भरायला गेला.

टोपी रिकामी मी केली.
उरलेल्या बावीस. उघडायचं काही कारण नव्हतं.
एकजात सगळ्यांवर, तिरक्या हातानं,
शेवटचं अक्षर खाली ओढलेलं:
हेल्दुर. हेल्दुर. हेल्दुर.

यंदा म्हटलं, चिठ्ठ्या मी लिहिते.
तो ओलावामापक पुसत होता. पुसतच राहिला.
मग म्हणाला, 'तुम्ही सगळे गेलात ना,
की दुसऱ्या रात्री लाकूड बोलतं.
टिक. मग बराच वेळ काही नाही. मग टिक.
एरवी तुमच्या करवतींत कुठलं ऐकू येतंय.'
जरा थांबून,
'आणि सौनात सगळे पोराबाळांचं विचारतात.'

टोपी मी त्याच्या खुंटीला अडकवून आले.

आता हिशेब तेवढा उरलाय.
बस, बोट, खाटा, सूप, प्रोजेक्टरचं भाडं.
सगळ्यांत खाली एक ओळ वाढवलीय:
भट्टी क्रमांक तीन,
धुरी दिलेला मासा, एक, मोठा. राईचा पाव, अर्धा.

टार्मो साहेब चष्मा कपाळावर चढवतील,
भट्टी मासा कधीपासून खायला लागली?
सांगेन,
चार वर्षं उपाशी आहे.