दोन मग पाणी

ब्लांटायरच्या कॉलेजात, सकाळी साडेसातला,
डॉक्टर म्सोसा दारातच उभे होते
निळा प्लास्टिकचा मग घेऊन.
येईल त्यानं दोन मग पाणी प्यायचं, त्यांच्या देखत.
मग त्यांनी दाराला आतून कडी घातली
आणि फळ्यावर घेवड्याचे दोन दाणे काढले.

"ही मूत्रपिंडं. रात्रंदिवस राबतात, कुरकुरत नाहीत,
म्हणून कुणी विचारत नाही यांना."
दाण्यांपासून खाली दोन रेघा.
"पाणी उतारानं येतं असं वाटतं तुम्हाला?
मग आडव्या पडलेल्या माणसाचं कसं येतं?
या नळ्या ढकलतात. घास घशाखाली जातो, तसा थेंब."
रेघेवर तीन ठिकाणी खडू आपटला:
"खडा अडकला तर इथं, नाहीतर इथं, नाहीतर इथं.
आणि अडकला की सहाफुटी हवालदारही
फरशीवर लोळतो, आईला हाका मारत.
हसू नका."

कुणी हसलं नव्हतं.

"मूत्राशय. रिकामं असताना चुरगळलेला रुमाल.
दीडशेला कुजबुजतं, तीनशेला बोलतं,
पाचशेला कुणाचं ऐकत नाही."
यांखोनं पायावर पाय घेतला.
वेझीचं पेन केव्हाच थांबलं होतं.
"मुलींची नळी चार सेंटिमीटर, मुलांची वीस.
या सोळा सेंटिमीटरांवर जगात फार बढाया मारून झाल्यात.
साठीनंतर हिशेब चुकता होतो."
इथं मात्र हसलो, पण जपून.
हसणंही आता धोक्याचं होतं.

"लघवी लाल. पहिला अर्थ काय?"
लिंबानीनं हात वर केला. तो मंगोचीचा, तळ्याकाठचा.
"आमच्याकडे अर्थ असा, सर, की मुलगा वयात आला.
माझी झाली तेव्हा आजोबांनी कोंबडी कापली."
"किती वर्षं?"
"चार."
"गोळ्या?"
"इथं आल्यावर."
सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात एक गोगलगाय काढली,
एवढीशी,
आणि सहामाही संपेपर्यंत ती पुसू दिली नाही.

नऊ वाजले. "कुणाला जायचंय?"
चाळीस हात.
"आधी वॉर्ड."

खाट अकरा. बाम्बो किमू, होड्या बांधणारे.
परवापासून थेंब नाही.
बेंबीखाली टणक गोल उंचवटा, अंगावर घामाचा वास.
सरांनी माझा हात धरून त्यावर ठेवला.
"सांग."
"प्रोस्टेट, सर, वाढलेली—"
"ते नंतर. हाताखाली काय आहे?"
"भरलंय."
"तुझ्यापेक्षा दीड दिवस जास्त."

पडद्याच्या दांड्याला पडदा नव्हता.
बाम्बोंच्या बायकोनं कमरेचं चितेंजे सोडून दिलं,
चौघींनी चार टोकं धरली, पाठमोऱ्या.
म्हणून मी काहीच पाहिलं नाही.
समोर भिंत, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर.
मागून सरांचा आवाज: "जेली. आता थांब.
घाई तुला आहे, त्यांना नाही... त्यांनाही आहे, तरी थांब."
मग यांखोचा: "सर, अडलं."
"वळण आहे. ढकलू नकोस. दार आहे ते, भिंत नाही.
बाम्बो, मोठा श्वास. आणखी एक."

आणि मग स्टीलच्या भांड्यात आवाज.

आधी चाचरत. मग धार.
मिनिटामागून मिनिट, ओसरेचना.
बाराशे, कुणीतरी म्हणालं.
म्हातारा झिकोमो झिकोमो पुटपुटत होता,
यांखोला की सरांना की त्या नळीला, कळेना.
त्याची बायको आमच्याकडे पाहून हसली
आणि आपलं कापड मागू लागली.

नंतर पळालो. संडास दोन, आम्ही चाळीस.
रांगेत लाज कुणालाच उरली नव्हती.
माझी पाळी आली तेव्हा दार लावून बसले
आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी
पहिल्यांदा कान देऊन ऐकलं.

"लवकर," वेझी बाहेरून म्हणाली.