हातचा

बस, निहार. पंखा दोनवर ठेव, पाचवर तो कुरकुरतो.
आठवड्यात एक लाख चाळीस हजार, म्हणतोस.
छान. आता
त्याआधीच्या अकरा महिन्यांचं सांग.

नाही आठवत?
मग आधी वही.
अप्पा बळवंत चौकातून आण, लांबट, लाल पुठ्ठ्याची,
वाण्याकडे असते तशी.
तारीख, किती तास, किती आत, किती बाहेर,
आणि शेवटच्या रकान्यात : जेवला होतास का.
हसू नकोस. माझ्या सहा वर्षांच्या वह्यांत
सगळ्यात मोठे खड्डे उपाशी रात्रींचे आहेत.

मी धनकवडीत चौथीच्या मुलांना गणित शिकवायचे.
बेरजेत हातचा असतो ना,
डोक्यावर बारीक लिहायचा, उत्तरात नाही.
तसा पैसा ठेव.
टेबलावर जाईल तो वेगळा, घरभाड्याचा वेगळा,
आणि मध्ये भिंत,
आईच्या ऑपरेशनसाठीसुद्धा न फुटणारी.
नाही, हे खोटं बोलले. एकदा फोडली होती.
पुन्हा रचायला चौदा महिने लागले.

तुला वाटतं, खेळ म्हणजे
समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून सगळं पुढे ढकलणं.
अरे, खेळ म्हणजे पानं टाकणं.
शंभरातले ऐंशी डाव नुसतं बसायचं,
तहसील कचेरीत बसतात तसं,
हातात नंबर, नजर खिडकीवर.
त्या कंटाळ्याचाच पगार मिळतो आपल्याला.

एकदा स्वारगेटहून रात्रीच्या बसने गोव्याला गेले.
माझ्या हातात दोन एक्के.
समोर नागपूरचा एक टाइल्सवाला, दोन सत्त्या घेऊन.
सगळे पैसे मध्ये. पाचातल्या चार वेळा मीच जिंकते.
शेवटचं पान उलटलं : चौकट सत्ती.
माझी चूक नव्हती.
मांडवीच्या काठावर हे वाक्य
पहाटेपर्यंत घोकलं,
आणि तरी उलटी झाली.
चूक नसताना हरणं ज्याला पचतं, त्यानं यावं.
चुकूनमाकून जिंकलेलं ज्याला ओळखता येतं,
त्यानं तर यावंच.
तुझा तो आठवडा, एकदा उलटून बघ.

बिबवेवाडीचा अवधूत माझ्याहून तिप्पट हुशार.
माणूस खुर्ची ओढायचा, हा त्याची पानं सांगायचा.
हरला की मात्र उठायचा नाही.
वसूल करून उठतो, म्हणायचा.
आता कात्रजला मेव्हण्याच्या दुकानात
गाड्यांचे वायपर विकतो.
परवा भेटला. म्हणाला, झोप लागते हल्ली.
मला हेवा वाटला. हेही लिहून ठेव.

आणि दुसरं एखादं काम हाताशी असू दे.
एका सकाळी ॲपच उघडलं नाही,
माझं अर्धं दुकान त्यात होतं.
जूनपासून पुन्हा चौथीची मुलं, पुन्हा हातचा एक.
कर भर. सीएला खरं सांग,
सोसायटीत 'कॉम्प्युटरचं काम' म्हणालास तरी चालेल.
भाडेकरारात 'व्यवसाय' लिहिलेल्या रेघेपाशी
माझं पेन अजून थबकतं.

चेहरा कोणीही सांभाळतो रे. हात बघायचे.
मघाशी दारातच विचारलं, नोकरी आहे ना अजून?
तू 'हो' म्हणालास
आणि घड्याळाचा पट्टा एक भोक घट्ट केलास.

कधी दिलास राजीनामा?

सोमवारी.
बरं.
घरी माहितीये?

चहा गार होतोय, घे.
कपाटात खालच्या फळीवर एक कोरी वही आहे.
आजची तारीख टाक.
आत, शून्य. बाहेर, शून्य.
शेवटच्या रकान्यात
थांब, मुगाची खिचडी टाकते,
मग लिही.