फळा, सव्वीस नोव्हेंबर

टिमकीतल्या वाचनालयाच्या दारात एक फळा आहे,
खालचा उजवा कोपरा वाळवीनं खाल्लेला.
सकाळी सातला मी त्यावर दिनविशेष लिहितो.
नोकरी संपून सहा वर्षं झाली,
खडू मात्र अजून माझ्याकडेच.
नव्या ग्रंथपालाचं अक्षर वाईट आहे
आणि ते त्याला मान्य आहे.

आज सव्वीस.
१८१७ : सीताबर्डीची लढाई सुरू.
पुढे काय झालं ते मी लिहीत नाही.
ते सत्तावीस तारखेचं आहे,
आणि सत्तावीसला मी दुसरंच काही शोधून काढतो.
एवढी एक लबाडी
बेचाळीस वर्षं सांभाळली.

१९४९ : संविधान सभेने संविधान स्वीकारले.
२००८ : मुंबई.
इथे नुसतं शहराचं नाव लिहून खडू खाली ठेवतो.
काय झालं होतं, असं अजून कुणी विचारलेलं नाही.
पण येणाऱ्या पोरांची जन्मसालं पुढे सरकतायत.
विचारतील.

शहाऐंशी साली या फळ्यापुढे माझी आई उभी होती.
गिरजाबाई. जन्मभर मागासाठी कांड्या भरलेली,
बोटांत सुतानं पाडलेल्या चिरा,
एकावन्नाव्या वर्षी पाचपावलीच्या रात्रवर्गाला जाऊ लागलेली,
पाटी पदराखाली झाकून,
कुणाच्या घरचं भांडं चोरून नेत असल्यासारखी.

"थांब, सांगू नोको," म्हणाली.
पहिल्या ओळीतलं 'बर्डी' तिच्या ओळखीचं निघालं,
बसच्या पाटीवरून.
"बर्डीत लढाई झाल्ती? मंग दुकानं बंद होती का रे?"

त्या वर्षी दुसऱ्या ओळीखाली जागा उरली होती,
म्हणून उद्देशिकेचा पहिला शब्द मी मोठ्या अक्षरात काढला होता.
आ, म्हणाली, आणि थांबली.
पुढे म होता, पण अर्धा.
अर्ध्या अक्षराचं काय करायचं
ते रात्रवर्गात अजून यायचं होतं.
"आम," म्हणाली. मग, "ही."
"आम. ही. ही कोण?"
"जोडून वाच, माय."
"कायले जोडू? याचा दांडा मोडला हाये."
"मोडला म्हणून तर तो 'ह'ले टेकून उभा हाये."

तिनं माझ्याकडे पाहिलं. फळ्याकडे पाहिलं.
ओठ हलले, आवाज नाही.
मग आला.
पलीकडचा तर्री-पोहेवाला
हातातला झारा तसाच धरून बघत राहिला,
इतक्या जोरात.

हे मी कुठे लिहून ठेवलं नव्हतं.
आज तिघांखाली चौथी ओळ लिहिली :
१९८६ : गिरजाबाई पराते यांनी जोडाक्षर वाचले.
वाळवी दरवर्षी बोटभर वर चढते,
पुढच्या साली एवढी जागा असेलच असं नाही.
आताच 'वाचले' मधला 'ले' पोखरलेल्या लाकडावर गेला
आणि खडूची भुकटी झाली.

साडेसातला पायल उईके आली,
रामटेककडची, राज्यसेवेची तिसरी खेप.
पायरीवर बसून ती रोज फळा वहीत उतरवते,
सालं लाल शाईनं, मजकूर निळ्या.
चौथी ओळही उतरवली.
नसलेला 'ले' तिनं आपल्या मनानंच लिहिला.
मी वाट पाहत होतो,
हे आयोग विचारते का काका, असं म्हणेल.
विचारलं तर, असं माझं उत्तर तयार होतं.

तिनं पेन तोंडात धरलं,
पुन्हा वर पाहिलं, थेट पहिल्या ओळीकडे.
"काका, सुरू झाली म्हणता.
संपली कधी?"

खडू बोटात फिरवला. कपडे झटकले.
"उद्या ये," म्हणालो.